मानद डॉक्टरेटसाठी नाव कसे सुचवावे?

धुळे आणि साक्री परिसरातील काही अभियंते, डॉक्टर व वकील मंडळींनी मिळून पाठवलेले सविस्तर पत्र माझ्यासमोर आहे. पांझरा नदीकाठच्या फड बागायतीच्या, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या जुन्या सिंचन पद्धतीच्या, बंधाऱ्यांची चाळीस वर्षे मोजणी आणि नोंद करत आलेले एक निवृत्त अभियंते, ज्यांना त्या भागातील शेतकरी आदराने आप्पा म्हणतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी जवळपास तेवढाच काळ दवाखाना चालवणारे एक वयोवृद्ध डॉक्टर, या दोघांना विद्यापीठाने मानद डॉक्टरेट द्यावी, अशी या मंडळींची इच्छा आहे. अर्ज कोणाकडे आणि कोणाच्या सहीने करायचा, पदवी मिळाल्यावर आप्पांना नावाआधी ‘डॉ.’ लावता येईल का, आणि ‘नोंदणी शुल्क’ भरल्यास तीन महिन्यांत मानद डॉक्टरेट देण्याची तयारी दाखवणाऱ्या एका संस्थेचा मार्ग धरावा का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. विद्यापीठीय प्रशासनात दीक्षान्त समारंभाच्या कामकाजाशी मी अनेक वर्षे जोडलेलो होतो आणि मानद पदव्यांचे प्रस्ताव प्रत्यक्ष हाताळले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे आणि माणसाची अब्रू दोन्ही अडकलेली असतात. तो मार्ग धरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत (म्हणजे सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या) विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास, कंपनी म्हणून नोंदलेली ‘अकादमी’, किंवा परदेशी नाव धारण करून शहरातील हॉटेलात समारंभ घेणारी मंडळी यांना तो नाही. पदवी ‘मानद’ आहे असे म्हटल्याने कायदा बदलत नाही. मानद असली तरी ती पदवीच आहे. या कायद्यात उल्लंघनासाठी सांगितलेला दंड एक हजार रुपयांपर्यंतचाच असल्यामुळे अशा व्यवहारांना धाक उरलेला नाही, हे दुर्दैव आहे. मात्र पैसे मागितले गेले, एवढ्या एकाच खुणेवरून तुम्ही निर्णय घेऊ शकता. खरे विद्यापीठ मानद पदवीसाठी सन्मानित व्यक्तीकडून शुल्क घेत नाही.

एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे असेच एक प्रमाणपत्र घेऊन आले होते, तो दिवस मी विसरलेलो नाही. आयुष्यभर खेड्यातील मुलांना गणित शिकवलेला तो माणूस. मोठ्या शहरातील एका समारंभात त्यांना गाऊन घालून फोटो काढला होता, गावात मिरवणूकही झाली होती, आणि त्या प्रमाणपत्राची विद्यापीठाच्या दप्तरी नोंद करून घेण्यासाठी ते आले होते. त्या कागदाला कोणताही शैक्षणिक आधार नाही, हे त्यांना समोर बसवून सांगण्याची वेळ माझ्यावर आली. ते काही बोलले नाहीत. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि निघून गेले. त्यांनी उभ्या आयुष्यात केलेले काम अस्सल होते. त्या कामावर एक खोटा कागद चिकटवला गेला आणि त्यामुळे अस्सल कामाकडेही लोक संशयाने पाहू लागले. आप्पांच्या वाट्याला हे येऊ नये.

आता खऱ्या मार्गाविषयी. जळगावचे आपले विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. त्याआधी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते आणि जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. या अधिनियमातील व्यवस्था अशी की, व्यक्तीचे उच्च स्थान, तिची कामगिरी आणि तिची लोकसेवा यांच्या आधारे, कोणतीही परीक्षा न घेता मानद पदवी देण्याची शिफारस व्यवस्थापन परिषद (विद्यापीठाचा कारभार पाहणारे मंडळ) अधिसभेकडे (म्हणजे सिनेटकडे, विद्यापीठाच्या मोठ्या प्रातिनिधिक सभेकडे) करते. मात्र कुलगुरूंनी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, पूर्वमान्यता घेतल्याखेरीज व्यवस्थापन परिषदेला तो विषय विचारातच घेता येत नाही. अधिसभेत उपस्थित सदस्यांपैकी किमान दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि ती संख्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून कमी असून चालत नाही. या अटी जाणूनबुजून कडक ठेवलेल्या आहेत.

यावरून लक्षात येईल की, नागरिकांनी ‘अर्ज’ करावा अशी ही रचनाच नाही. तुम्ही फक्त कुलगुरूंच्या विचारार्थ निवेदन देऊ शकता. ते अधिसभेच्या किंवा व्यवस्थापन परिषदेच्या एखाद्या सदस्यामार्फत दिले तर उत्तम, कारण पुढे सभागृहात त्या माणसाविषयी माहितीने बोलणारे कोणीतरी असावे लागते. निवेदनावर पाचशे सह्या असल्या तरी वजन वाढत नाही. आमदार-खासदारांची शिफारसपत्रे जोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा; विद्यापीठातील जाणते लोक अशा पत्रांनी बिथरतात आणि ज्याच्यासाठी ती आणली त्याचेच नुकसान होते. त्या विषयात स्वतः काम केलेल्या, पण सन्मान्य व्यक्तीशी नातेसंबंध किंवा व्यवहार नसलेल्या तीन-चार जणांची पत्रे मात्र मोलाची ठरतात. आप्पांच्या बाबतीत जलसिंचनाचे प्राध्यापक, सिंचन-इतिहासाचे अभ्यासक आणि फडावर स्वतः पाणी वाटलेला एखादा जुना पाटकरी असे तिघे मिळाले, तर मी पहिल्या दोघांइतकेच महत्त्व तिसऱ्याच्या पत्राला देईन.

प्रस्ताव बहुतेकदा कुठे फसतात, तेही सांगतो. माझ्या टेबलावर आलेल्या कित्येक फायलींमध्ये सत्कारांची छायाचित्रे, शाल-श्रीफळाच्या बातम्यांची कात्रणे, मानपत्रांच्या छायाप्रती आणि भूषवलेल्या पदांची लांबलचक यादी असे. त्या माणसाने नेमके काय केले, हे शोधायला गेलो की अर्धे पानही सापडत नसे. एका प्रस्तावाचे टिपण मी स्वतः घाईत तयार केले होते. ‘समाजकार्यात भरीव योगदान’ असे गुळगुळीत शब्द त्यात मी लिहिले, आणि सभेत एका सदस्याने ‘भरीव म्हणजे काय?’ असे सरळ विचारल्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. प्रस्ताव मागे ठेवला गेला आणि पुढच्या वर्षी ती व्यक्ती हयात नव्हती. ती चूक माझी होती आणि तिची बोच आजही आहे. म्हणून सांगतो, विशेषणे गाळा आणि काम मांडा.

आप्पांचे काम मांडणे तर मोठ्या आनंदाचे आहे, कारण त्यांचा विषयच तसा आहे. नदीत दगडी बंधारा घालून, पाणी उंचावरून उताराने पाटात, पाटातून चाऱ्यांत (लहान पाटांत) आणि चाऱ्यांतून शेतात नेणारी फड पद्धत पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांच्या काठी शेकडो वर्षे चालत आली. गावच्या भिजणीखालील जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिकांची पाळी बदलायची, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा. प्रत्येक फडात बहुतेकांची थोडी थोडी जमीन असल्यामुळे पाणीटंचाईचा भार एकट्या कोणावर पडत नसे. पाणी वाटायला पाटकरी आणि पिकांची राखण करायला जागल्या हे शेतकऱ्यांनीच नेमलेले असत. धरणे झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, तशी ही घडी अनेक गावांत मोडली. अशा वेळी बंधाऱ्याची लांबी-उंची, पाटाचा उतार, चाऱ्यांची जाळी आणि त्या त्या गावचे पाणीवाटपाचे नियम एका अभियंत्याने गावोगाव पायी फिरून वहीत उतरवले असतील, तर ती केवळ समाजसेवा नव्हे. ती ज्ञानात पडलेली भर आहे. विद्यापीठाने मानद पदवी द्यावी ती याच गोष्टीसाठी, आणि तुमच्या निवेदनाचे पहिले वाक्य यावरच असले पाहिजे.

कोणत्या बंधाऱ्याची मोजणी कोणत्या वर्षी केली, ती नोंद पुढे कोणी वापरली, एखाद्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीत तिचा उपयोग झाला का, कोणी तिच्या आधारे प्रबंध लिहिला का, हे सारे कागदानिशी द्या. ज्या गोष्टीचा कागद नाही ती लिहू नका, मग ती कितीही खरी असो. छाननीत एक विधान जरी डळमळले तरी बाकीच्या नऊ विधानांवरचा विश्वास जातो. सगळे मिळून सात-आठ पानांच्या पुढे जाऊ नये. परिशिष्टात हवे तेवढे जोडा.

याच पांझराकाठी एका तरुण अभियंत्याच्या उमेदवारीची वर्षे गेली होती, हे निवेदनात एका ओळीत लिहिले तर ते अस्थानी होणार नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि सुरुवातीच्या काळात त्यांची नेमणूक खानदेशात होती. पांझरेवर नळाच्या सायफनचे, म्हणजे बंद नळातून पाणी पलीकडे नेण्याचे, काम त्यांनी केले. त्यांनी प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवलेली नव्हती. पुढे कलकत्ता आणि मुंबई यांसह अनेक विद्यापीठांनी त्यांना मानद डॉक्टरेट दिल्या, त्या त्यांनी बांधलेल्या आणि आखलेल्या कामांकडे पाहून. अभियंत्याचा प्रबंध कधी कधी जमिनीवर लिहिलेला असतो, हे त्या विद्यापीठांनी मान्य केले होते. आप्पांची तुलना विश्वेश्वरय्यांशी करण्याची गरज नाही आणि तशी करूही नये. पण विद्यापीठे कोणत्या प्रकारच्या कामाला ही पदवी देत आली आहेत, याचा तो उत्तम दाखला आहे.

पदवीचा प्रकारही नीट सुचवावा. साधारण रीत अशी की विज्ञान आणि तंत्रज्ञानातील कामासाठी डी.एस्सी., साहित्य, कला व संस्कृतीतील कामासाठी डी.लिट्., आणि कायदा वा सार्वजनिक जीवनातील कामासाठी एलएल.डी. दिली जाते. सरसकट सगळ्यांसाठी डी.लिट्. मागण्याची आपल्याकडे सवय पडली आहे, ती बरोबर नाही. अंतिम निर्णय विद्यापीठाचा असला, तरी आप्पांचे काम डी.एस्सी.च्या अंगाने मांडावे असे माझे मत आहे. त्यांचा विषय शेतीच्या पाण्याशी निगडित असल्यामुळे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ हाही पर्याय आहे. खानदेश त्याच्याही कार्यक्षेत्रात येतो, मात्र कृषी विद्यापीठांचा कायदा वेगळा असल्याने कार्यपद्धती तिथे विचारून घ्यावी लागेल. एकाच वेळी दोन्हीकडे निवेदने पाठवू नका.

डॉक्टरसाहेबांसाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ अधिक योग्य वाटते, आणि त्यांचे निवेदन आप्पांच्या निवेदनाला जोडून देऊ नये. दोन नावे एका पत्रात आली की तुलना सुरू होते. ‘गोरगरिबांवर मोफत उपचार’ हा मुद्दा तुम्ही पहिल्या क्रमांकावर घेतला आहे. तो वंदनीय आहेच. पण तुमच्या पत्राच्या शेवटी एका ओळीत आलेली गोष्ट मला अधिक मोठी वाटते, ती म्हणजे भिल्ल आणि पावरा पाड्यांवरील सिकलसेलच्या (रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या त्यांनी कुटुंबवार ठेवलेल्या वह्या. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. सातपुड्यातील आदिवासींमध्येही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि आई-वडिलांकडून मुलांकडे येणाऱ्या अशा आजारात एका कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांची सलग नोंद ही दुर्मीळ गोष्ट आहे. मात्र रुग्णांची नावे आणि ओळख पटेल असा कोणताही तपशील निवेदनात जाऊ देऊ नका. वहीचे एखादे पान जोडायचे झाल्यास नावे झाकूनच जोडा.

डॉक्टरसाहेबांचे वय पाहता ते समारंभाला जाऊ शकतील का, अशी चिंता तुम्ही व्यक्त केली आहे. मानद पदवी प्रत्यक्ष हजर राहून स्वीकारावी हा सर्वसाधारण शिरस्ता आहे, पण विद्यापीठाच्या मनात आले तर वाट निघते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने रवींद्रनाथ ठाकूरांना डी.लिट्. देण्यासाठी ७ ऑगस्ट १९४० रोजी शांतिनिकेतनात खास समारंभ भरवला होता. पुढच्याच वर्षी गुरुदेव गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांना पुणे विद्यापीठाची डी.लिट्. १९५९ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. महर्षी कर्व्यांना पहिली मानद डॉक्टरेट बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ मध्ये दिली, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी होते. आपल्याकडे माणूस थकल्यावरच त्याची आठवण येते, याचे मला फार वाईट वाटते. या कामात वर्ष-दीड वर्ष सहज जाते, तेव्हा निवेदन याच सत्रात द्या.

राहिला ‘डॉ.’ लावण्याचा प्रश्न. मानद पदवी मिळालेल्या व्यक्तीने ती बिरुदासारखी नावाआधी लावू नये, असा विद्यापीठीय जगातील जुना संकेत आहे. नावानंतर पदवीचे नाव आणि पुढे ‘मानद’ हा शब्द लिहिणे हे सर्वांत स्वच्छ. ही पदवी पीएच.डी.ला समतुल्य धरली जात नाही. अध्यापकपद, पदोन्नती किंवा संशोधन मार्गदर्शक होण्यासाठी तिचा आधार घेता येत नाही. दोन्ही पदव्यांतील फरक पाहायचा असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्यावे. लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी प्रबंध लिहून मिळवल्या होत्या. त्यानंतर त्याच कोलंबियाने १९५२ मध्ये एलएल.डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये डी.लिट्. या मानद पदव्या देऊन राज्यघटनेच्या शिल्पकाराचा गौरव केला. दुसरीकडे, अब्दुल कलाम यांच्या नावाआधीचे ‘डॉ.’ मानद पदव्यांमधून आलेले होते आणि देशाने ते सहज स्वीकारले. लोक प्रेमाने कोणाला काय म्हणतात यावर बंधन घालता येत नाही. स्वतःच्या लेटरपॅडवर, दाराच्या पाटीवर किंवा अर्जात काय लिहायचे, याचे मात्र भान ठेवावे लागते. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई करताना लष्करी आणि शैक्षणिक बहुमानांना अपवाद केले आहे. घटनेने ठेवलेली ही सवलत मोठी आहे आणि तिचा मान पदवी घेणाऱ्यानेही राखायचा असतो. आप्पांसारखा माणूस स्वतःहून ‘डॉ.’ लावणार नाही, अशी माझी अटकळ आहे. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्या उत्साही मंडळींना मात्र आधीच सांगून ठेवावे लागेल.

गुप्ततेविषयी दोन शब्द. निवेदन दिल्याची बातमी वर्तमानपत्रात देऊ नका, गावात फलक लावू नका आणि शक्यतो खुद्द आप्पांनाही सांगू नका. त्यांची माहिती दस्तऐवजीकरणाच्या निमित्ताने घेता येईल. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या अध्यापकांनी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या मानद पदवीचा प्रस्ताव ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला आणि ती जगभर बातमी झाली. पंतप्रधान ते सोसू शकतात. पांझराकाठच्या एका सत्त्वशील माणसावर त्याने कधी न मागितलेल्या गोष्टीसाठी नकार घेण्याची पाळी का आणावी? त्याचबरोबर नाव सुचवण्यापूर्वी कोणताही न्यायालयीन वाद, संस्थेतील हिशेबाची तक्रार किंवा लेखनातील उचलेगिरीचा आक्षेप नाही ना, याची खातरजमा तुम्हीच आधी करा. एडिंबरा विद्यापीठाने झिम्बाब्वेचे नेते रॉबर्ट मुगाबे यांना १९८४ मध्ये दिलेली मानद पदवी २००७ मध्ये काढून घेतली. दिलेला सन्मान परत घेण्याची वेळ येणे हे विद्यापीठालाही लाजिरवाणे असते, त्यामुळे छाननी करणारे लोक चिकित्सक असतात आणि त्यांनी तसेच असले पाहिजे.

हे सगळे करूनही प्रस्ताव मंजूर होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, स्टॅनफर्ड यांसारखी नामांकित विद्यापीठे तर मानद पदव्या देतच नाहीत. कामाचा गौरव दुसऱ्या वाटेनेही होऊ शकतो, आणि तशी वाट आपल्या भूमीत फार जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चंगदेव याने मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे त्यात नोंदवले आहे. ज्या माणसाचा मान राखायचा, त्याच्या ग्रंथांचा अभ्यास पुढे चालू राहील अशी सोय करायची, ही कल्पना आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात प्रत्यक्षात आली होती. आप्पांच्या मोजणीवह्या संपादित करून छापणे, त्यांच्या नकाशांचा संच धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवण्याविषयी बोलणे करणे, फड पद्धतीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी छोटी शिष्यवृत्ती उभी करणे, हे तुम्ही मंडळी कोणाच्याही मंजुरीवाचून करू शकता. त्यातून निघालेले पुस्तक पुढे प्रस्तावाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते, हा तर उघड लाभ.

तेव्हा सुरुवात निवेदनाच्या मसुद्यापासून करू नका. आप्पांच्या घरी जाऊन वह्या आणि नकाशे आधी पाहा. तुमच्या पत्रातील वर्णनावरून ते जुन्या ट्रेसिंग कागदावर आहेत आणि काही पानांची शाई पुसट झाली आहे. प्रत्येक पान स्कॅन करून घ्या, पानावर नसलेली गावांची आणि बंधाऱ्यांची नावे त्यांच्याकडून विचारून वेगळ्या कागदावर तारखेसह लिहून घ्या, आणि मूळ वह्या पावसाळ्यापूर्वी कोरड्या, ओल न येणाऱ्या कपाटात हलवा. डॉक्टरसाहेबांच्या वह्यांसाठी हेच काम त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या देखरेखीखाली करा. हे झाल्यावर निवेदनाचा मसुदा माझ्याकडे पाठवलात, तर मी तो ओळीन् ओळ वाचून देईन.